चाळीस डिग्रीचं तेल, पंचेचाळीस डिग्रीचं गाव

ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल काढायला एक दहा नंबरचा पाना आणि एक घमेलं पुरतं, पण तेच तेल परत भरायला आख्खी गल्ली लागते. निदान आमच्या अमळनेरात तरी लागली. मोठ्या शहरात लोक हे काम कसं करतात कोण जाणे, तिथे म्हणे शेजारी दारसुद्धा उघडत नाहीत, मग गाडी लेव्हलला आहे का हे विचारायचं कोणाला?

प्रकरण सुरू झालं गुटख्यावरून. शिरपूरला इंजिनीअरिंग करणारा पुतण्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी घरी आला आणि नेमके त्याच सुमाराला आईला गेटच्या आत फरशीवर लाल डाग दिसायला लागले. आमची आई चौकशी वगैरे करत नाही, डायरेक्ट निकाल देते. "तिकडे हेच शिकवतात का रे?" पोरगं बिचारं देवाची शपथ घेतंय, जीभ काढून दाखवतंय, पण कोण ऐकतं. शेवटी त्याने रात्री गाडीखाली एक पुठ्ठा सरकवून ठेवला, आणि सकाळी बघतो तर बरोब्बर गिअरबॉक्सच्या पॅनखाली, म्हणजे तेलाच्या ताटलीखाली, पुठ्ठ्यावर लाल ठिपका. मग तो पुठ्ठा त्याने घरभर मिरवला, आजीला दाखवला, माझ्या बायकोला दाखवला, दूधवाल्याला सुद्धा थांबवून दाखवला. या तेलात लाल रंग मुद्दाम टाकतात, गळायला लागलं तर इंजिन ऑइल आहे की गिअरबॉक्सचं हे नुसतं खाली बघून कळावं म्हणून. रंग टाकणाऱ्याने खान्देशातल्या आजीचा विचार केलेला नसणार.

आता आखाजी तोंडावर, बहिणीला आणायला नंदुरबारला जायचं, आणि गाडीचं असं. एका सर्व्हिस सेंटरला फोन केला तर तिथला पोरगा म्हणे, सर यातलं ऑइल लाइफटाइम असतं, ते गळत नाही. म्हटलं गळतंय ना, पुठ्ठा आहे माझ्याकडे. तर म्हणे मग गिअरबॉक्सची आख्खी असेंब्ली बघावी लागेल, गाडी टो करून आणा, आणि असेंब्लीचा जो आकडा सांगितला त्यात आमच्याकडे एका लग्नाचं जेवण निघतं, बुंदीसकट. म्हणून मग घरीच करायचं ठरलं. गळती पॅनच्या गॅस्केटची होती, रबर उन्हाने आणि वयाने कडक झालेलं, त्यात असेंब्ली बदलण्यासारखं काहीही नव्हतं.

दुरुस्तीबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही, ती झाली. एक गोष्ट मात्र घरी करणाऱ्याने लक्षात ठेवावी, खालचा काढायचा बोल्ट सोडण्याआधी वरचा भरायचा बोल्ट सुटतोय का ते बघायचं, नाहीतर तेल काढून बसाल आणि भरायचं भोक उघडणार नाही. पॅन उघडला की आत लोहचुंबकं चिकटलेली दिसतात आणि त्यांच्यावर राखाडी चिखल. पुतण्याचा चेहरा पडला, पण तो चिखल नॉर्मल असतो, क्लच आणि गिअर झिजून जो बारीक भुगा होतो तो तिथे धरला जातो, कण किंवा तुकडे निघाले तर घाबरायचं. चुंबकं पुसली, फिल्टर बदलला, नवीन गॅस्केट बसवलं, पॅनचे बोल्ट हळू हाताने आणि समोरासमोरचे आवळले, कारण यांना जोर दाखवला की गॅस्केट चेपून परत गळती.

तेल आणण्याचं एक वेगळंच नाटक. जळगावला अजिंठा चौफुलीकडे गेलो, दुकानात "एटीएफ द्या", म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल द्या, म्हटलं तर पहिला प्रश्न "ट्रॅक्टर कोणता?" त्यांचंही बरोबर आहे, आपल्याकडे लाल तेल म्हणजे पॉवर स्टिअरिंगचं, ट्रक-ट्रॅक्टरवाले टाईप ए नावाचं तेल नेतात आणि विषय संपतो. मी म्हटलं कार आहे, ऑटोमॅटिक. दुकानदाराने दोन्ही डबे समोर ठेवले आणि म्हणाला, भाऊ, लाल ते लाल. पण तसं नसतं ना. रंग लाल असला तरी आतले गुणधर्म वेगळे, कोणत्या क्लचला किती घसरू द्यायचं आणि कधी पकडू द्यायचं हे त्या तेलातल्या केमिकलवर ठरतं, आणि सीव्हीटीवाल्या, म्हणजे गिअरऐवजी पट्टा आणि पुली असलेल्या, ऑटोमॅटिक गाडीत आमच्या गाडीचं तेल टाकलं किंवा आमच्या गाडीत सीव्हीटीचं टाकलं तर मग खरंच असेंब्ली. पुस्तकात लिहिलेलं स्पेसिफिकेशन दाखवून दाखवून शेवटी योग्य डबे मिळाले.

हात धुवून चहाला बसलो तेवढ्यात घमेलं गायब. म्हणजे काढलेलं जुनं तेल घमेल्यासकट गायब. आता हे तेल मोजणं फार गरजेचं असतं. गिअरबॉक्समध्ये एकूण सहा-सात लिटर तेल असतं, पण पॅन उघडल्यावर त्यातलं निम्मंच्या आसपास बाहेर येतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भांड्यात, आणि पाईपांमध्ये लपून राहतं, त्यामुळे किती निघालं तेवढं भरायचं हा पहिला हिशोब. शोधाशोध केली तर शेजारच्या काकू त्यांच्या देवघराच्या चौकटीला ब्रशने तेल लावत बसलेल्या. वाळवी लागली होती म्हणे. जळक्या तेलाने वाळवी जाते हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

"अहो काकू, विचारायचं तरी!"

"वाया जाई ऱ्हायनं ना ते," काकू शांतपणे.

मी डोकं धरून बसलो, तर काकू म्हणाल्या साडेतीन लिटर व्हतं, अन् वर पावशेर. काकूंनी आयुष्यभर दूध घातलंय, त्यांच्या हातून कुठलीच पातळ वस्तू मापाशिवाय या भांड्यातून त्या भांड्यात जात नाही, घमेल्यातलं तेल त्यांनी जुन्या दुधाच्या मापाने मोजूनच कॅनमध्ये ओतलेलं. एवढं अचूक मोजमाप मला स्वतःला जमलं नसतं.

इथे पुतण्याने नको ते ज्ञान पाजळलं. मोबाईलमध्ये वाचून म्हणतो, काका, पूर्वी या तेलात व्हेलचं तेल टाकायचे. काकू माळकरी. ब्रश हातातच थांबला. "माशाचं तेल? देवघरले?" तर हा शहाणा म्हणतो, नाही काकू, व्हेल मासा नसतो, सस्तन प्राणी असतो, आपल्यासारखा. झालं. काकूंना पटवून द्यायला आम्हाला संध्याकाळ लागली की ते अमेरिकेत, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद झालं, आता सगळं कारखान्यातलं केमिकल. तरी त्यांनी चौकटीवर गोमूत्र शिंपडलंच.

बरं, साडेतीन लिटर पावशेर परत भरलं म्हणजे झालं का? नाही. कारण गॅस्केटमधून आधीच किती गळून गेलं ते ना काकूंना माहीत ना मला. तेव्हा शेवटची लेव्हल गाडीलाच विचारावी लागते, आणि इथे खरा छळ सुरू होतो. जुन्या गाड्यांना डिपस्टिक असायची, काढा, पुसा, बघा. नवीन बऱ्याच गाड्यांना तेल लाइफटाइम आहे या भरवशावर डिपस्टिकच दिलेली नाही. त्याऐवजी खालच्या बोल्टच्या आत एक उभी नळी असते, त्या नळीच्या उंचीच्या वर जे तेल असेल ते ओघळून खाली पडतं, पडायचं थांबायला आलं की लेव्हल बरोबर. ऐकायला किती छान. पण अटी बघा. गाडी चारी बाजूंनी लेव्हलला पाहिजे. इंजिन चालू पाहिजे, कारण बंद केलं की कन्व्हर्टरमधलं तेल खाली उतरतं आणि लेव्हल खोटी दिसते. आणि तेलाचं तापमान ३५ ते ४५ डिग्रीच्या मध्ये पाहिजे, कारण गरम झालं की ते फुगतं, सहा लिटर तेल तिशीतून नव्वदीत गेलं की पाव लिटरच्या आसपास वाढतं. कमी भरलं तर पंप हवा ओढतो आणि क्लच घसरतात. जास्त भरलं तर फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात, फेसाने प्रेशर पडतं आणि क्लच घसरतात. म्हणजे रोग दोन, लक्षण एक.

आता ही पद्धत लिहिणारा माणूस अशा गावात राहत असणार जिथे तेल गरम व्हायची वाट बघतात. पुस्तकात तसंच लिहिलंय, इंजिन चालू करून तेल चाळीसपर्यंत तापू द्या. इथे बाहेरच त्रेचाळीस-पंचेचाळीस, जळगाव-भुसावळचे आकडे रोज टीव्हीवर, केळीच्या बागा करपून चाललेल्या, आणि डब्यातलं तेल ओतायच्या आधीच चाळीसला टेकलेलं. साडेतीन लिटर पावशेर भरलं, पुतण्याने गाडीच्या स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं, डोंगल लावलं, मोबाईलवर गिअरबॉक्सचं तापमान दिसायला लागलं, इंजिन बंद, गाडी सावलीत, आकडा ४१. इंजिन सुरू केलं, मी खाली सरपटेपर्यंत ४७. बंद करा, थांबा. दुपारभर थांबलो तरी तो खाली येईना. मग एक आयडिया म्हणून घरातला लोखंडी कूलर अंगणात ओढला आणि त्याचं तोंड गाडीच्या पोटाकडे केलं. वाळ्याचा वास, गार हवा, खाली मी आणि गिअरबॉक्स दोघंही मजेत. पाच मिनिटं पण झाली नसतील तर आत झोपलेली आई, बायको आणि बायकोची मावशी, तिघी दारात. घरात एक कूलर असताना तो कोणाला लावायचा यावर आमच्याकडे मतदान होत नाही. कूलर आत गेला.

शेजारचे आप्पा, म्हणजे काकूंचे यजमान, हे सगळं ओट्यावर खुर्ची टाकून बघत होते. आप्पा भुसावळला रेल्वेत होते, रिटायर होऊन जमाना झाला, गल्लीत कोणाचं मिक्सर बिघडलं तरी ते "आम्ही इंजिनं खोललीत" म्हणून सुरुवात करतात त्यामुळे त्यांचं कोणी फार मनावर घेत नाही.

"माणूस उकळी ऱ्हायना आठे, अन् तुले तेलनी पडेल शे," आप्पा म्हणाले. "सकाय्ये कर ना. पहाटले."

पहाटे. अमळनेरात या दिवसांत पहाटे अठ्ठावीस-तीस असतं. म्हणजे पहाटे इंजिन सुरू केलं तर तेल तिशीतून वर चढत पस्तीसला येईल, पंचेचाळीसला जाईल, आणि तेवढ्या मिनिटांत आपलं काम. इतकं साधं. मी म्हटलं आप्पा, तुम्हाला हे कसं सुचलं, तर त्यांनी सांगितलं ते ऐकून मी घमेल्यावर बसलो. रेल्वेची डब्ल्यूडीएस-४ नावाची छोटी डिझेल शंटर, म्हणजे यार्डात डबे इकडेतिकडे हलवणारी, इंजिनं होती, चित्तरंजनच्या कारखान्यात बनलेली, ती हायड्रॉलिक, त्यात टॉर्क कन्व्हर्टर, आणि त्यातलं ट्रान्समिशन एम. एम. सुरी नावाच्या आपल्याच भारतीय इंजिनीअरने काढलेलं, त्याला नावच सुरी ट्रान्समिशन. आप्पांनी त्यात वर्षानुवर्षं तेल भरलेलं. गल्लीत टॉर्क कन्व्हर्टर कळणारा एकमेव माणूस रोज माझ्या समोर खुर्ची टाकून बसत होता आणि आम्ही त्याला मिक्सरसाठी सुद्धा विचारत नव्हतो.

आप्पांनी मग चार्ज घेतला. जॅकवरच्या गाडीखाली जायचं नाही, ही पहिली ऑर्डर. त्यांच्या मागच्या अंगणात रेल्वेच्या लिलावातले जुने लाकडी स्लीपर होते, त्याचे ठोकळे कापून ठेवलेले, ते चारी चाकांखाली आले. गाडी उंच झाली पण लेव्हलचं काय, आमच्या अंगणाला गेटकडे उतार. गल्लीतल्या गवंडी भाऊला बोलावलं. तो आपली लेव्हलची नळी घेऊन आला, पारदर्शक, पाणी भरलेली, एक टोक पुढच्या चाकाच्या कमानीजवळ पुतण्याकडे, एक मागे त्याच्याकडे, दोन्हीकडचं पाणी बघितलं, एका ठोकळ्याखाली फरशीचा तुकडा सरकवला आणि म्हणाला, "गाडी लेव्हलमध्ये आहे भाऊ. घर नाहीये."

एवढं बोलायची गरज नव्हती. आई आतून ऐकत होती आणि स्वयंपाकाचा ओटा याच भाऊने बांधलेला, त्यावर गॅसच्या बाजूला पाणी साचतं ही आईची जुनी तक्रार. "आण ती नळी आत," आई म्हणाली. पुढचा अर्धा तास गवंडी भाऊ नळी हातात घेऊन ओट्यासमोर उभा, पाणी सरळ सरळ सांगतंय की ओटा कलता आहे, आणि तो म्हणतोय की काकू, तो उतार मुद्दाम दिलाय. सुटला बिचारा कसाबसा, पण नळी इथेच ठेवून पळाला. ते बरं झालं, कारण वरचं जास्तीचं तेल भरायला वरून खालपर्यंत जाणारी तशीच नळी हवी होती. फक्त आत पाणी राहून चालत नाही, पाणी गेलं तर क्लचच्या अस्तराचा गोंद सुटतो. धुऊन दोरीवर वाळत घातली, भर दुपारी, लगेच कोरडी. आमच्या उन्हाचा एवढा एक उपयोग.

पहाट झाली. साडेतीन लिटर पावशेरच्या वर अंदाजाने थोडं जास्तीचं आदल्या रात्रीच नळीला नरसाळं लावून भरलं होतं. बायको ड्रायव्हर सीटवर, ब्रेकवर पाय. इंजिन सुरू. पार्किंग, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह, प्रत्येक ठिकाणी काही सेकंद थांबत दांडा फिरवायचा, म्हणजे आतल्या सगळ्या वाटांमध्ये तेल जातं, आणि हे चालू असताना गाडीखाली कोणी नाही, आप्पा काठी आडवी धरून उभे. मग परत पार्किंगमध्ये, हँडब्रेक, आणि मी खाली. पुतण्या मोबाईल बघून आकडे ओरडतोय. एकतीस. तेहतीस. पस्तीस. मी एलन की लावून खालचा छोटा प्लग सोडला आणि लाल धार सुरू झाली, म्हणजे जास्तीचं भरलेलं ते बाहेर येतंय, एकदम शास्त्रशुद्ध. सदतीस. धार बारीक व्हायला लागली.

आणि गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी बोंबललं, "नळ उना! नळ उना!"

ज्यांच्याकडे रोज नळ येतो त्यांना हे कळणार नाही. आमच्याकडे नळ येतो तेव्हा माणूस अंघोळीतून साबण लावून बाहेर येतो. बायको उतरली, ती बरोबरच, गाडी पार्किंगमध्ये होती. आईने पुतण्याला मोटार लावायला पिटाळलं आणि तो गेला तो मोबाईल खिशात घेऊन गेला. आकडे बंद. मी गाडीखाली, हातात प्लग, कोपरावर गरम तेल, बाजूने बादल्या आणि हंडे आणि पाय, कोणाची तरी निळी टाकी माझ्या डोक्याजवळून फरफटत गेली, आणि मला कळेना चाळीस झाले की पन्नास.

"आकडा झाया का रे?" मी ओरडलो, पण मोटारीच्या आवाजात कोण ऐकणार.

खुर्चीतून आप्पांचा आवाज आला. "आकडा नको दखू. धार दख."

धार बघितली. सुतासारखी झालेली, मग तुटली, मग थेंब. एक थेंब, थांबली, परत एक. इतक्या जवळून तेलाचा थेंब मी कधी पाहिला नव्हता, नळीच्या तोंडाशी गोल होतो, जड होतो, सुटायचा विचार करतो.

"आते लाव."

नवीन वॉशरसकट प्लग लावला, आवळला. पुतण्या ओल्या पायजम्याने धावत आला, मोबाईल काढला, डोंगल परत जोडलं. ४३. आप्पांनी फक्त चष्मा पुसला.

पाणी भरून झालं, ठोकळे काढले, तोपर्यंत बहिणीचा फोन. मी दादाची वाट बघून कंटाळले, पहाटेच्याच गाडीत बसले, आता अमळनेर स्टेशनला उतरलेय, ये घ्यायला. नंदुरबारऐवजी स्टेशन, गाडीची पहिली ट्रायल म्हणून जास्त बरंच. गवंडी भाऊ नळी न्यायला आला होता, ती हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाला हिच्यात आता पाणी खरं बोलणार नाही, आत तेल चिकटलंय, नवीन घेऊन द्या. म्हणून तोही मागे बसला, हार्डवेअरचं दुकान रस्त्यातच. पुढे आप्पा, पांढरी टोपी घालून, नजर माझ्या हाताशेजारच्या दांड्यावर.

गाडी निघाली. झटका नाही, घसरणं नाही, दांडा ड्राइव्हला टाकल्यावर पूर्वी जो एक विचार करायची तो पण नाही. बाजारपेठ ओलांडून रस्ता मोकळा झाला तसं आप्पांनी विचारलं, "पडना का गेर?"

"तीन पडले आप्पा."

"कळनंच नही." ते थोडा वेळ समोर बघत राहिले. मग मागे वळून गवंडी भाऊला म्हणाले, "तुले कळनं का रे?"

"नाही ना."

"मंग मजा काय?"